किब्ल्यातला मुठीएवढा फरक

लग्न होऊन सासरी आले त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, मी सासूबाईंना विचारलं, "अम्मा, किब्ला कुठल्या अंगाला?" नमाजाला उभं राहताना मक्केतल्या काब्याकडे तोंड करायचं असतं, त्या दिशेला किब्ला म्हणतात. माझं माहेर सांगलीचं. वडील उर्दू शाळेत मास्तर, घरात किताबांचं कपाट, आणि असल्या गोष्टी नीट विचारून घ्यायची आम्हाला सवय. सासूबाई पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कणगीकडं तोंड कर, झालं."

जोंधळ्याची कणगी मावळतीच्या भिंतीला होती. मी तिच्याकडे तोंड करून नमाज पढले आणि पुढे दुसरी मोठी लढाई संपून गेली तरी तशीच पढत राहिले. त्या घरात आणि त्या गावात मावळत म्हणजेच किब्ला. त्यात काही चुकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. मुसलमानांची घरं मोजकी. मुलाणी आम्ही, एक घर आतारांचं, दोनतीन घरं सुऱ्याविळ्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांची. बाकी सगळं गाव मराठ्यांचं, त्यातही निम्म्या घरांतला एक तरी माणूस पलटणीत. माझे सासरे गावचे मुलाणी. जत्रेला असो की नवसाला, बकरं त्यांच्याच हातचं कापलेलं लागायचं, मराठ्यांनासुद्धा. मशिदीत नमाजही तेच पढवायचे. अरबी त्यांना वाचता येत नव्हती; बापाकडून जेवढं पाठ झालं तेवढ्यावर त्यांनी उभा जन्म काढला. बोलणं आजूबाजूच्या कुणब्यांसारखंच. माझी सांगलीची उर्दू ऐकली की हसून म्हणायचे, "पोरी, तुजं बोलनं रेडिवसारखं वाटतंय." मला मुलीसारखं वागवलं त्या माणसानं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या वाट्याला यायला नको होतं.

मशीद आमच्या परड्याला लागूनच होती. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, आणि मावळतीच्या भिंतीत एक अर्धगोल कोनाडा. तो मेहराब. त्याच्यासमोर सासरे उभे राहायचे आणि त्यांच्यामागे बाकीच्यांची रांग. ही मावळतीची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी बाहेर फुगत चालली होती. सासऱ्यांनी तिला बाहेरून बाभळीचा ठेपा दिला होता.

माझा नवरा लग्नानंतर सुट्टी संपवून गेला तो लढाई संपल्यावरच परत आला. त्याला मी तोंडावर कधी एकेरीत बोलले नाही. लिहिताना मात्र एकेरीच येतं, आणि आता ते बदलायची माझी इच्छा नाही. तो तोफखान्यात होता, मोजणीच्या कामावर. तोफ कुठे आहे, गोळा कुठे पडायचा, मधलं अंतर किती, दिशा कुठली, हे नकाशावर काढून द्यायचं. इराक, मिसर, तिकडची वाळवंटं, सगळीकडे फिरून आला होता. गेला तेव्हा हसरा होता. आला तो फारसा न बोलणारा, जेवताना ताटाकडेच बघणारा. खिशात पितळी होकायंत्र असायचं. ते काढून बघितल्याशिवाय त्याला घरातल्या घरातही चैन पडत नसे.

आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी तो मशिदीत गेला. रांगेत उभा राहिला आणि सगळ्यांदेखत थोडासा उजवीकडे वळला. हात लांब करून मूठ धरली तर त्या मुठीनं जेवढं झाकतं तेवढाच. रांगेत एकच माणूस तिरका. सासरे पुढे असल्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. पण नमाज झाल्यावर आतारानं सांगितलं. हा आतार बाजारोबाजार फिरून अत्तर, सुरमा आणि खजूर विकायचा. आपल्या पोराला साताऱ्यात मदरशात शिकवून आणलं होतं आणि गावानं आता त्याच्यामागे नमाज पढावी अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती.

सासरे घरी आले. जेवायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "आज तिरका का हुबा ऱ्हायलास रं?"

"मशीद चुकीची हाय, अब्बा. किब्ला सरळ मावळतीला न्हाई. हितनं वाईच उत्तरेला येतो. आमच्या तळावर सुभेदारानं पोरांच्या गावागावची दिशा काढून दिली व्हती. मी सवता तपासून बघितलीया."

"माज्या बापानं हीच दावली. त्याच्या बापानं त्याला."

"त्येंच्याजवळ यंत्र नव्हतं."

"अल्लाजवळ बी न्हाई," सासरे म्हणाले आणि हसले. त्यांना वाटलं, विषय संपला. नवरा हसला नाही. हात धुऊन उठून गेला.

पुढल्या शुक्रवारीही तो तिरका उभा राहिला. त्याच्या पुढल्या शुक्रवारी आतार आणि त्याचा पोरगाही तिरके उभे राहिले.

एके दिवशी परड्यात आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा तोडत होतो. मी धीर करून विचारलं, "एवढं काय अडतंय तुमचं त्या दिशेपाशी? अब्बांचा जीव दुखावतो." तो शेंगा तोडत राहिला. मग मान खाली घालूनच सांगू लागला. तिकडे वाळवंटात त्यांच्या तळावर बॉम्ब पडले. त्याच्या तुकडीतली मुसलमान पोरं मेली. कुणी झेलमकडचं, कुणी आपल्याच कराडकडचं. पुरायला मौलवी नाही, कफनाला नीट कापड नाही, आंघोळ घालायला पाणी नाही. वरनं विमानं पुन्हा येतील म्हणून घाई. "मला कलमे बी पुरते येत न्हवते," तो म्हणाला. "दिशा तेवढी लावता येत व्हती. परत्येक खड्डा मी यंत्र लावून आखला. एकाचं बी तोंड मी चुकू दिलं न्हाई. बाकी त्येंच्यासाठी काय करता आलं मला?"

एवढं बोलून त्यानं शेंगांची पाटी उचलली आणि आत गेला. पुन्हा आयुष्यात कधी त्यानं हा विषय काढला नाही.

मी दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते सुरीला धार लावत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले त्यांचे. मग म्हणाले, "मग मला का न्हाई सांगितलं त्यानं? मी का परका हाय?"

"तुम्ही विचारा त्यांना, अब्बा."

"त्यानं सांगाय पायजे. बाप हाय मी."

बापानं विचारलं नाही आणि लेकानं सांगितलं नाही. मधे मी होते, पण सुनेच्या तोंडून आलेल्या गोष्टीला घरात वजन किती असतं! मी त्यालाही म्हटलं, "अब्बांना कळलंय, जरा बसून बोला." तो माझ्यावरच उसळला, "तुला कुनी सांगितलं व्हतं बोलायला?"

त्या पावसाळ्यात ती फुगलेली भिंत कोसळली. मेहराब, कोनाडा, सगळं आमच्या परड्यात येऊन पडलं. कुणाला लागलं नाही. पण आता भिंत नव्यानं बांधायची म्हणजे कुठल्या दिशेनं बांधायची, हा प्रश्न उघडा पडला. आतार म्हणाला, आता बरोबर किब्ल्यावरच बांधू. शिकलगार म्हणाले, जुन्या पायावरच उभी करा, मुलाणी सांगतील तसं. त्यांच्यात्यांच्यात बोलाचाली झाली, एकदा तर मशिदीच्या ओट्यावर एकमेकांच्या अंगावर गेले. एवढ्याशा जमातीत दोन तट पडले. आतारांच्या बायका आमच्या विहिरीवर यायच्या बंद झाल्या.

गावचे पाटील सासऱ्यांचे बालपणापासूनचे सोबती. ते एकदा ओसरीवर येऊन म्हणाले, "मुलानी, माज्या रानातलं एक सागवान देतो तुमाला, पर तेवढं भांडान मिटवा गड्या. आमाला काय कळत न्हाई त्यातलं, पर तुमी आपापसात बोलंनासं झालाय ते बरं दिसत न्हाई."

सासरे म्हणाले, "पाटील, कुनी शहाना येऊन सांगंल तसं करू. मी हट्ट धरत न्हाई."

तो शहाणा म्हणून माझ्या वडिलांचं नाव पुढे आलं. दोन्ही तटांना ते पसंत होते. एकाला ते मुलाण्यांचे व्याही म्हणून, दुसऱ्याला ते किताबी माणूस म्हणून. नवऱ्यानं सांगलीला जाऊन त्यांना विचारलं. वडील म्हणाले, "वैशाखात येतो. वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य काब्याच्या अगदी डोक्यावर येतो. त्यातला एक दिवस पावसाळ्यात पडतो, तो आपल्या कामाचा नाही. दुसरा उन्हाळ्याच्या शेवटी. त्या दिवशी तुमच्याच डोळ्यांना दिसेल, कुणाच्या शब्दावर जायला नको."

ते आले तो दिवस मला लख्ख आठवतो. ऊन असं की कोंबड्यासुद्धा सावलीतून हलत नव्हत्या. मशिदीची भिंत पडलेली असल्यामुळे आमच्या परड्यातून आतलं सगळं दिसत होतं. मी आणि सासूबाई गोठ्याच्या आडोशाला उभ्या होतो. मशिदीच्या अंगणात गवंड्यानं जमीन सारवून, पाणसळ लावून सपाट करून ठेवली होती. तीन बांबूंचं तिकाटणं उभं केलं आणि त्याला ओळंबा लोंबता सोडला. नवऱ्यानं आपलं घड्याळ कोरेगावच्या स्टेशनातल्या घड्याळाशी मिळवून आणलं होतं. सगळी जमात गोळा झाली होती. पाटीलही येऊन बाजेवर बसले होते.

वडिलांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, "मक्केत दुपार होते तेव्हा आपल्याकडं तिसरा प्रहर असतो. त्या घटकेला सूर्य तिथं काब्याच्या माथ्यावर. म्हणजे आपल्याला इथून सूर्य जिकडं दिसेल तिकडंच काबा. ओळंब्याची सावली बरोबर उलट पडेल. त्या सावलीवरून परत ओळंब्याकडं बघायचं, हाच किब्ला."

"मंजी द्येवानंच दावलं म्हना की," पाटील म्हणाले.

वेळ झाली तसा नवरा घड्याळावरून नजर न काढता म्हणाला, "आता." गवंड्यानं दोरीच्या सावलीवर खडूनं रेघ ओढली. नवऱ्यानं होकायंत्र रेघेवर ठेवलं. मग जुन्या पायाच्या कडेला आडवी दोरी धरली. सगळ्यांना दिसलं. रेघ जुन्या भिंतीला काटकोनात नव्हती. नवरा म्हणत होता तेवढीच, मुठीएवढीच, उत्तरेकडे कललेली होती.

मग आतार पुढे झाला. "मास्तर, आता समद्यांम्होरं सांगा. आजवर ह्यांनी आमाला वाकडं हुबं केलं. त्या नमाजांचं काय झालं?"

वडील म्हणाले, "कुणाची नमाज वाया गेलेली नाही. दूरच्या माणसानं त्या बाजूला तोंड केलं की पुरे. छाती पार फिरली तरच मोडते. हा एवढा फरक शरियतला चालतो."

"चालतो ते कळलं, मामा," नवरा म्हणाला. "बरोबर कुटलं?"

वडिलांनी सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता तरी ते हे ओळखतील, की इथे उत्तर कुणाला हवंय आणि कशासाठी हवंय. पण ते किताबी माणूस. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणाले, "भिंत नव्यानंच बांधायची असेल आणि खरी दिशा कळली असेल, तर तिकडंच बांधलेली चांगली."

"म्हंजी आता कळल्याव बी कुनी जुन्याच बाजूला हुबा ऱ्हाईल तर?" आतारानं विचारलं.

"तर ते बरं नाही," वडील म्हणाले.

आतारानं मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. त्याला पाहिजे होतं ते मिळालं होतं. "फरक चालतो" हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. "बरं नाही" तेवढं राहिलं.

सासरे सावलीच्या रेघेपाशी बसले. रेघेवर आलेला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. मग उठून धोतराची माती झटकत म्हणाले, "ब्येस झालं. आता भांडान नगं. चला, समद्यांनी घरी च्या घ्या."

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

संध्याकाळी वडील परत निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही थोडं गप्प बसला असता तर?"

"मला विचारलं, मी खरं ते सांगितलं, बेटी."

"विचारणारा कोण होता ते तुम्ही बघितलं नाही."

त्यांना माझं म्हणणं कळलं की नाही कोण जाणे. गाडी आली म्हणून ते निघून गेले.

पुढल्या शुक्रवारी सासरे मशिदीत गेले, पण पुढे उभे राहिले नाहीत. सगळ्यात मागच्या रांगेत चपलांपाशी उभे राहिले आणि आताराच्या पोरानं नमाज पढवली. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. माझ्या नवऱ्यानंही नाही. त्यानंतर ते मशिदीत जायचेच बंद झाले. घरातच, कणगीसमोर, आपल्या जुन्या बाजूला तोंड करून पढायचे.

दिवाळीनंतर पाया खणला. जागा अरुंद, एका बाजूला आमचं परडं, दुसऱ्या बाजूला पाटलांचा गोठा. जुन्या तीन भिंती तशाच ठेवून मावळतीची भिंत तिरकी घातली, म्हणून उत्तरेचं टोक आत ओढून घ्यावं लागलं. बाहेर एक त्रिकोणी तुकडा उरला, त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. आत रांगा तिरक्या, भिंती सरळ. कडेच्या माणसाला खांदा भिंतीला घासून उभं राहावं लागायचं. पण दिशा अचूक होती. ते साल देशाच्या फाळणीचं. बाहेर माणसं माणसांना कापत होती, गाड्या भरून मुडदे येत होते असं ऐकायचो आणि धास्तावायचो. आमच्या गावात कुणी आमच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलं नाही. पाटलांनी कबूल केलेलं सागवान आणून दिलं. वाकड्या नजरेनं बघत होतो ते आम्हीच, एकमेकांकडे. मूठभर माणसं आम्ही. मला त्याची चीड तेव्हा आली ती अजून गेलेली नाही.

घरातही दोन किब्ले झाले. सासरे आणि सासूबाई जुन्या बाजूला. नवरा त्याच माजघरात मशिदीच्या नव्या रेघेनं. मी सासूबाईंच्या शेजारी चटई टाकायची. एकदा मी नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून आले तर माझी चटई तिरकी केलेली. मी ती सरळ केली. नवरा दारात उभा होता. म्हणाला, "तुला खरं म्हाईत हाय, तरी बी?"

मी म्हटलं, "मला हे माहीत आहे की अब्बा इथं बसलेत."

"किब्ला मानसं बघून ठरत न्हाई."

"मग घर कशावरनं ठरतं?"

त्यानं वाकून चटईचं टोक धरलं आणि ओढलं. सासरे खरंच तिथे बसले होते, तसबीहची माळ हातात घेऊन. ते म्हणाले, "पोरी, तो म्हनतो तशी पढ. घरात वाद नगं." मी त्या दिवशी तिरकी नमाज पढले आणि तिच्यात माझं एक अक्षरही लागलं नाही. माझ्या मनात फक्त राग होता. नवऱ्यावर, माझ्या वडिलांवर, आणि सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या त्या म्हाताऱ्यावरसुद्धा.

मग आतारांनी आणि त्यांच्या बाजूच्यांनी बकरं कापायलाही सासऱ्यांना बोलवायचं सोडलं. मराठ्यांच्या घरून बोलावणं यायचं तसंच यायचं. पण सासऱ्यांचा हात थरथरायला लागला होता. एका नवसाला सुरी नीट चालली नाही, बकरं तडफडलं. घरी येऊन त्यांनी सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचून ठेवली. त्यानंतर ते फारसे बाहेर पडलेच नाहीत. पाटील येऊन बसायचे, दोघं तंबाखू मळायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि मशिदीचं नाव काढायचे नाहीत.

पुढल्या थंडीत त्यांना खोकला धरला तो सुटला नाही. शेवटच्या दिवसांत ते नवऱ्याला म्हणाले, "मला माज्या बापाशेजारी ठेव." तेवढंच मागितलं त्यांनी. नवरा म्हणाला, "व्हय अब्बा." मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच होते.

ते गेले तेव्हा सगळा गाव जमला. आतारही आला, त्याच्या पोरानं जनाजाची नमाज पढवली. बायका कबरस्तानात जात नाहीत. तिथे काय झालं ते मला दुपारी पाटलांनी सांगितलं. शिकलगारांनी आजेसासऱ्यांच्या कबरीशेजारी, जुन्या कबरींच्या ओळीनं खड्डा खणायला घेतला होता. आमच्यात मयताला उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवतात, म्हणून खड्डाही त्या हिशेबानंच लागतो. नवऱ्यानं खणणाऱ्यांना थांबवलं. होकायंत्र काढून जमिनीवर ठेवलं आणि नवी रेघ आखली. ती रेघ धरली तर पायांकडची बाजू आजेसासऱ्यांच्या कबरीत शिरत होती. दोन कबरींच्या मधे तेवढी जागा नव्हती. शिकलगार म्हणाले, "ऱ्हाऊ दे गड्या, जुनंच बरं हाय. त्येंनी बापाशेजारी मागितलंय." नवरा ऐकेना. शेवटी पार कडेला, निवडुंगाच्या कुंपणापाशी, जिथे एकही कबर नव्हती, तिथे मोकळ्या जागेत नवा खड्डा खणला. अचूक दिशेला. बापापासून लांब.

पाटील सांगता सांगता रडले. म्हणाले, "मी मधी पडाय पायजे व्हतो का गं? पर तुमच्या धर्माचं, मी काय बोलनार!"

नवरा घरी आला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना पाटलांकडून सगळं कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "कुटं ठेवलं त्येस्नी?"

"कुंपणाकडं. जागा न्हवती, अम्मा. पर तोंड बरोबर लावलंय. मी सवता लावलंय. रतीभर चूक न्हाई."

हे सांगताना त्याचा आवाज मऊ होता. आईला बरं वाटेल अशी त्याला खात्री होती. मला त्या क्षणी कळलं की तो वाळवंटातून परत आलेलाच नाही. बापाच्या कबरीपाशीही तो त्या पोरांनाच पुरत होता. कळलं, पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. मेलेल्यांची त्याला एवढी काळजी, आणि जिता बाप दोन वर्षं कणगीसमोर एकटा बसून होता त्याची नव्हती.

सासूबाई उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी लेकाशी बोलणंच सोडलं. भाकरी वाढायची ती मला सांगून, "त्याला कोरड्यास वाढ." तो समोर बसलेला असायचा. तो हाक मारायचा, "अम्मा," आणि त्या जात्याकडे, चुलीकडे, कुठेतरी बघत राहायच्या. सासऱ्यांचा चाळिसावा दिवस झाला, उन्हाळा लागला, तरी तेच.

एके सकाळी त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. भावाचं गाव मेढ्याकडे, डोंगरात. सासूबाईंनी आपली दोन लुगडी आणि तसबीह गाठोड्यात बांधली होती. मी विचारलं, "अम्मा, किती दिवस?" त्यांनी मला परड्यात बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मी तितंच ऱ्हानार हाय. मला हितं मरायचं न्हाई. मेल्याव तो मला मोजल."

मी त्यांना गाडीत चढवलं. नवरा शेतावरून धावत आला. "अम्मा, कवा येनार?" त्यांनी माझ्याकडेच बघून सांगितलं, "त्याला म्हनावं, वाट बघू नगं." गाडी हलली. तो चाकामागं वेशीपर्यंत गेला आणि एकटाच परत आला.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता त्या तिकडे वारल्या. ओढ्यांना पाणी होतं, निरोप आमच्यापर्यंत पोचला तोवर माती होऊन गेली होती. की मुद्दामच उशिरा धाडला, मला सांगता येत नाही. नवरा तसाच तिकडे गेला. दोन दिवसांनी आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. मी विचारलं, "कुठं ठेवलंय त्यांना?"

"त्येंच्या आईच्या शेजारी," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मेढ्याकडच्या मामानं मला लांबनंच दावलं. जवळ येऊ दिलं न्हाई."

तो ओसरीवर बसून राहिला. मी भाकरी वाढून ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं हात लावला नाही. मला त्याच्याशेजारी बसता आलं असतं, पाठीवर हात ठेवता आला असता. बाईमाणसानं तेच करायचं असतं. मी विळा घेतला आणि वैरणीला शेतावर निघून गेले.